अम्मा पाणी का पीत नव्हत्या: जरीपटक्यातल्या एका धर्मशाळेचं प्रकरण

मे 2024 चा शेवटचा आठवडा नागपूरकरांना चांगलाच आठवत असेल. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू होता, आणि रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश दिसले म्हणून देशभर बातम्या झाल्या, मग हवामान खात्यानं सांगितलं की यंत्रात बिघाड होता. खरा पारा 44-45 च्या आसपास होता, तोही काही कमी नाही. त्याच आठवड्यात आमच्या धर्मशाळेतल्या अम्मा, वय 78, दुपारी तीन वाजता बसल्या जागी कलंडल्या. ऑटोत टाकून सरकारी दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, आणि आम्ही सगळे एकमेकांना म्हणत होतो की ऊन लागलं. दोन दिवसांनी कळलं की उन्हाचा दोष निम्माच होता. उरलेला निम्मा आमच्या व्यवस्थेचा होता, आणि तोच नीट लिहून ठेवावा म्हणून हे सगळं लिहितेय.

नावं कुणाचीच लिहीत नाही, गावही नाही, कारण यांचे नातेवाईक अजून तिकडेच आहेत.

कुटुंब सिंधमधलं. अम्मा, त्यांचा मुलगा (आम्ही त्याला दादाच म्हणायचो), सून म्हणजे वहिनी, आणि तीन लेकरं, मोठी मुलगी 13 ची, मधली 9 ची, धाकटा 6 चा. तिकडे छोटं किराण्याचं दुकान होतं, 2022 च्या पुरात ते आठवडे पाण्याखाली राहिलं, माल गेला, उधारी बुडाली, आणि मोठी मुलगी वयात यायला लागली तशी घरच्यांची झोप उडाली. ते काय आणि कसं ते वहिनींनी मला एकदाच सांगितलं, मी पुन्हा विचारलं नाही. 2019 च्या ऑगस्टपासून भारत-पाकिस्तानमधल्या समझौता आणि थार एक्सप्रेस या दोन्ही गाड्या बंद, त्यामुळे वाघा-अटारीवरून पायी, मग अमृतसर, दिल्ली, आणि तिथून रेल्वेनं नागपूर. नागपूरच का तर दादाच्या आत्याचं घर जरीपटक्यात. फाळणीनंतर सिंधी लोक नागपुरात आले ते जरीपटका, खामला या भागांत वसले हे आपल्याला माहितीच आहे, त्यामुळे तिकडून निघालेल्या पुष्कळ घरांचं इथे कुणी ना कुणी असतं. पण आत्याचं घर दोन खोल्यांचं, त्यात आधीच सात माणसं. म्हणून धर्मशाळा.

आता थोडं कायद्याचं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. युरोपात आश्रय मागणाऱ्यांसाठी रिसेप्शन सेंटर असतात तशी व्यवस्था आपल्याकडे नाही. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, 1967 च्या प्रोटोकॉलवरही नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे माणूस कुठून आला यावरच त्याची वाट ठरते. तिबेटी लोकांचं सरकार बघतं, आपल्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे त्यांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे, हिवाळ्यात नागपुरात आपण स्वेटर घेतो ते तिबेटी लोकांकडूनच. अफगाणिस्तान किंवा म्यानमारमधून आलेला माणूस दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे जाऊन नोंद करतो. आणि पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंची वाट तेव्हा तिसरीच होती, व्हिजावर यायचं, पोहोचल्यावर 24 तासांत पोलिसांत नोंद, ज्यानं राहायला जागा दिली त्यानं सी फॉर्म, म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडे उतरल्याची माहिती, भरायचा तोही 24 तासांत, मग लाँग टर्म व्हिजा म्हणजे एलटीव्हीचा अर्ज, आणि पुष्कळ वर्षांनी नागरिकत्व. मधल्या काळात डोक्यावर छप्पर, जेवण, दवाखाना, शाळा हे सगळं समाज बघतो. म्हणजे धर्मशाळेचा हॉल हेच आमचं रिसेप्शन सेंटर आणि आम्ही पाच-सहा जणं त्याचा स्टाफ, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, मी एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी केलेली पण नोकरी वेगळ्याच ठिकाणी करणारी.

हॉल 30 बाय 18 फुटांचा. तीन कुटुंबं, 14 माणसं. मी तेव्हा कौतुकानं हिशोब केला होता तो अजून वहीत आहे. मानवी मदतीच्या कामात स्फिअर म्हणून जगभर वापरतात ते किमान निकष आहेत, 1997 पासून त्यावर काम सुरू झालं, त्यात निवाऱ्यात माणशी किमान 3.5 चौरस मीटर जागा सांगितलीय. आमचं 3.58 येत होतं. पाणी माणशी दिवसाला किमान 15 लिटर, आमच्याकडे बोअर होती, टाकी होती, त्याच्या तिप्पट मिळत होतं. संडास 20 माणसांमागे एक, आमच्याकडे 14 मागे दोन. अंतर 50 मीटरच्या आत हवं, आमचे संडास मागच्या अंगणात, हॉलच्या दारापासून तीसेक पावलं. मी खूश होते, म्हटलं आपण तर निकषांच्या पुढे आहोत.

आणि मदत तर इतकी आली की ठेवायला जागा पुरेना. पहिल्या दहा दिवसांत तांदळाचे पाच कट्टे, तेलाचे पिंप, दोन कूलर, 40 च्या वर साड्या. साड्या कुणी नेसेना, कारण सिंधमधून आलेल्या या बायका सलवार-कमीज घालतात, ते विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी एक मंडळ रोज तर्री पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे, आणायचं, प्रेमानं आणायचं, पण धाकट्याला चौथ्या दिवसापासून जुलाब लागले तेव्हा वहिनींनी हळूच विचारलं की आम्हाला नुसतं पीठ दिलं तर चालेल का, आम्ही कोकी करून घेऊ. कोकी म्हणजे सिंधी लोकांची जाड पोळी, कांदा घातलेली, खरपूस. दुसऱ्या दिवसापासून पीठ आणि एक शेगडी दिली, पोराचे जुलाब दोन दिवसांत थांबले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती की आपण देतोय खूप आणि विचारत काहीच नाही.

फोटोंचंही तसंच. जो येईल तो कट्ट्यासोबत फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. वहिनी ओढणी तोंडावर घ्यायच्या, आम्हाला वाटायचं लाजतात. नंतर कळलं की तिकडे मागे राहिलेल्या भावाला त्याचा त्रास होऊ शकतो याची त्यांना भीती होती. आम्ही फोटो बंद केले, दोन देणगीदार नाराज झाले, होऊ दे.

आता अम्मांकडे येते.

अम्मा पहिल्यापासून कमी बोलायच्या. भिंतीला टेकून जपमाळ घेऊन बसायच्या. आम्ही जो तो येताजाता म्हणायचो, अम्मा पाणी प्या, ऊन फार आहे, पाणी प्या. यात एक गंमत होती की सिंधीतही पाणी हा शब्द आपल्यासारखाच, ण चा, हिंदीसारखा पानी नाही, त्यामुळे आम्ही मराठीत बोललो तरी त्यांना तो शब्द कळायचा, आणि कळायचा म्हणून आम्हाला वाटायचं की बोलणं पोहोचलं. पुढचं काही विचारायचं असलं की मोठी मुलगी मध्ये, तिला हिंदी बऱ्यापैकी येत होतं. ती आजीला विचारायची, आजी काहीतरी पुटपुटायची, मुलगी सांगायची, म्हणते तहान नाही. आठ दिवस हेच उत्तर. आम्ही लिंबू सरबत आणलं, पन्हं आणलं, ओआरएसची पाकिटं आणली, कूलर त्यांच्या बाजूला सरकवला.

आणि मग तो दिवस. दवाखान्यात भरतीच्या खिडकीवर आधार कार्ड मागितलं, दादाकडे पासपोर्ट, तो बघून तिथला माणूस थबकला, मग एका ज्येष्ठ सिस्टरनं मागून आवाज दिला की आधी पेशंट आत घ्या कागद मागून बघू. त्या बाईंचे उपकार. डॉक्टरांनी सांगितलं, अंगातलं पाणी पार कमी झालंय, लघवीत इन्फेक्शन आहे, आणि बीपी फार वाढलंय. बीपीचं ऐकून दादा म्हणाला गोळी तर रोज देतो. वहिनींनी पिशवी उघडली तर जपमाळेच्या बटव्यात अकरा गोळ्या निघाल्या. न घेतलेल्या.

इथे आमच्या जरीपटक्यातल्या एक मावशी कामी आल्या. साठीच्या, पापड लाटून विकतात, घरात सिंधीच बोलतात. संस्थेच्या कुठल्याच यादीत त्या नव्हत्या, दादाच्या आत्यानं त्यांना डबा घेऊन पाठवलं होतं. दुसऱ्या रात्री त्या अम्मांजवळ थांबल्या, दादाला घरी धाडलं, नातीला धाडलं, मलाही म्हणाल्या तू बाहेर बस. दीड तासानं बाहेर आल्या आणि जे सांगितलं ते मी तिथेच कॉरिडॉरमध्ये वहीत उतरवलं.

संडासला जायचं तर हॉलमधून बाहेर, मग ओसरीवरून, मग अंगण. ओसरीवर रात्री पुरुष झोपायचे, आमच्या तीन कुटुंबांतलेच नाही तर धर्मशाळेत उतरलेले इतरही, बाहेरगावचे, अनोळखी. अंगणातला बल्ब आम्ही आलो त्याच्या आधीपासून गेलेला. दोन संडासांपैकी एकाची आतली कडी तुटलेली, सुतळीनं दार ओढून धरावं लागायचं, आणि दुसरा बहुतेक वेळ भरलेला. दिवसा सुना-लेकी एकमेकींसोबत जायच्या. पण म्हातारपणात रात्री तीनदा उठावं लागतं, झोपलेल्या परक्या पुरुषांमधून, अंधारात, सुतळी धरून. पहिल्याच रात्री ओसरीवर कुणीतरी जागा झाला आणि कोण आहे म्हणून मोठ्यानं ओरडला, एवढंच झालं, वाईट काही नाही, पण अम्मांनी त्या रात्रीच ठरवलं. दुपारी बारानंतर पाणी नाही. मग सकाळचं पण एकच फुलपात्र. आणि बीपीची गोळी लघवी जास्त करवणारी होती, तिकडच्या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलेलं, म्हणून ती बटव्यात. सुनेला सांगितलं तर ती रात्री झोप मोडून सोबत येईल, दिवसभर राबलेली असते. मुलाला सांगणं शक्यच नाही. आणि आम्ही विचारायला पुढे केलं कुणाला तर 13 वर्षांच्या नातीला, तेही हॉलमध्ये सगळ्यांसमोर. तिच्या तोंडून आजी काय सांगणार होती? तहान नाही, हेच सांगणार.

मला त्या रात्री फार लाज वाटली आणि अजून वाटते. स्फिअरचं तेच पुस्तक मी नंतर पुन्हा उघडलं. त्यात आकड्यांच्या आधी लिहिलंय की संडास कुठे आणि कसा हवा हे वापरणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, विचारून ठरवा, आतून कडी हवी, उजेड हवा, बायकांचे संडास वेगळे हवेत आणि पुरुषांच्या एकामागे बायकांचे तीन असं प्रमाण असावं. मी आकडे उचलले आणि वाक्यं सोडून दिली होती. माणशी 3.58 चौरस मीटर बरोबरच होतं, पाणीही तिप्पट होतं, पण पिणाऱ्या माणसाला ते पिणं परवडत नव्हतं.

दुरुस्तीला एक दुपार लागली. एलईडी बल्ब, लोखंडी कडी, एक संडास फक्त बायकांचा म्हणून त्याला कुलूप आणि किल्ली वहिनींकडे, ओसरीच्या एका बाजूनं जाडसर कापडाचा पडदा लावून जायची वेगळी वाट, आणि पुरुषांच्या सतरंज्या पलीकडच्या टोकाला. सगळं मिळून साधारण नऊशे रुपये. धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी कडी आधीच का बसवली नाही यावर आमच्यात बरंच बोलणं झालं, पण मला वाटतं तो प्रश्न त्यांच्यापेक्षा आम्हाला जास्त लागू होता, आम्ही रोज येत होतो आणि एकीनंही तो संडास वापरून बघितला नव्हता, घरी जाऊन जायचो.

मावशींना आम्ही विनंती केली की रोज अर्धा तास या. काही करायचं नाही, बायकांमध्ये बसायचं. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, शेवटी पापडाची ऑर्डर त्यांनाच द्यायची असं ठरलं. त्या यायला लागल्यावर पंधरा दिवसांत जेवढं कळलं तेवढं आधीच्या महिन्यात कळलं नव्हतं. दुसऱ्या कुटुंबातली सून तीन महिन्यांची गरोदर होती, नाव कुठेच घातलेलं नव्हतं, तिला डागा या बायकांच्या सरकारी हॉस्पिटलला नेलं. मोठ्या मुलीला पाळी येते आणि ती कपडा ओलाच वापरते, कारण वाळत घालायला आडोसा नाही. पडद्याच्या मागे एक दोरी बांधली, तेवढंच. आणि तेव्हापासून नियम केला की लेकरांना दुभाषी करायचं नाही, बाजारहाट आणि बसचा नंबर विचारण्यापुरतं ठीक, दुखणं, पैसा आणि कागद यात नाही. मोठीच्या चेहऱ्यावर त्यानंतर जो सैलपणा आला तो मी बघितलाय. आजी पडली तेव्हा तिला वाटत होतं की तिनंच नीट विचारलं नाही.

शाळेचं त्या मानानं लवकर झालं. एका शाळेनं वयाचा दाखला आणि टीसी नाही म्हणून परत पाठवलं, दुसरी म्हणाली मोठीला तिसरीत बसवू. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम 4 सांगतं की वयाप्रमाणे वर्गात घ्या आणि मागे असेल तर जादा शिकवणी द्या, ही दोन्ही पानं प्रिंट काढून नेली, भांडलो नाही, मुख्याध्यापक बाईंसमोर ठेवली. विदर्भात शाळा उशिरा उघडतात ते बरं झालं, जुलैत मोठी आठवीत बसली. तिला वाचता छान येतं, पण 52 अक्षरांच्या अरबी वळणाच्या सिंधीत. ती लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून वही ती मागून उघडायची. पहिले दोन महिने तिच्या बाई तिला गणिताला पुढच्या बाकावर बसवायच्या आणि बाकी तासांना बाराखडी गिरवू द्यायच्या, कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनाच सुचलं.

कागदाचं मात्र लांबलं. 11 मार्च 2024 ला सीएएचे म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम आले होते, त्यामुळे दादाला पक्कं वाटत होतं की आता आपण लगेच भारतीय होणार, आणि एका एजंटनं तसं सांगून त्याच्याकडून आगाऊ पैसेही घेतले होते. तो कायदा 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांसाठी आहे, हे कुटुंब 2024 मध्ये आलेलं. दादाला हे समजावताना माझाच आवाज जड झाला होता. त्यांची वाट म्हणजे आधी एलटीव्ही आणि मग नागरिकत्व कायद्याचं कलम 5. त्यात भारतीय वंशाचा माणूस सात वर्षं इथे राहिल्यावर नोंदणीनं नागरिकत्व मागू शकतो, आणि भारतीय वंशाचा म्हणजे जो स्वतः किंवा ज्याचे आई-वडील यांपैकी कुणी अखंड भारतात जन्मलं तो. 2016 च्या डिसेंबरपासून अशा अर्जांचे अधिकार ज्या 16 जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांना दिले त्यात महाराष्ट्रातले मुंबई, पुणे, ठाणे आणि आपलं नागपूर आहे, म्हणजे दिल्लीला खेटे नाहीत, सिव्हिल लाइन्सपर्यंत जायचं.

तर फाईल लावताना आमचा वकील मित्र एकेक पासपोर्ट बघत होता. दादाचा जन्म फाळणीनंतरचा. वडील वारलेले, त्यांचा कागद पुरात गेला. मग त्यानं अम्मांचा पासपोर्ट उघडला. जन्म 1946. तो म्हणाला, हा जपून ठेवा, अखंड भारतातला जन्म दाखवणारा घरातला हा एकच कागद आहे, दादाचा वंश यावरून सिद्ध होणार आणि दादा नागरिक झाला की लेकरांचे अर्ज त्याच्या मागून. अम्मा तेव्हा बाजूलाच बसल्या होत्या. मावशींनी सिंधीत सांगितलं. अम्मा पासपोर्टकडे बघत राहिल्या आणि मग एवढंच म्हणाल्या की तेव्हा मी अंगावर पिणारी होते, मला काय माहीत कुठला देश.

एलटीव्ही फेब्रुवारी 2025 मध्ये आली. कागद पूर्ण करायला आमचे दोन महिने असेच गेले होते, कारण सुरुवातीला तारखा कुणी बघायच्या हे ठरलंच नव्हतं, प्रत्येकाला वाटायचं दुसरा बघतोय. एप्रिलमध्ये काश्मिरात पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला. सरकारनं पाकिस्तानी नागरिकांचे व्हिजे 27 एप्रिलपासून रद्द केले. नागपुरात पाकिस्तानी पासपोर्टवरची सिंधी माणसं हजारांच्या घरात आहेत, त्या दोन दिवसांत जरीपटक्यात जो तो आपापली फाईल छातीशी धरून फिरत होता. हिंदूंना आधी दिलेले लाँग टर्म व्हिजे रद्द होणार नाहीत असा खुलासा झाला तेव्हा वहिनींनी मला फोन केला, बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या रडल्या. अर्ज अजून आत अडकलेली शेजारची दोन घरं त्या आठवड्यात झोपली नाहीत. आमचे ते वाया गेलेले दोन महिने अजून थोडे वाढले असते तर हे तिसरं घर असतं. आता आमच्याकडे एक जाड रजिस्टर आहे, प्रत्येक घराचं एक पान, व्हिजा कधी संपतो, पासपोर्ट कधी संपतो, पुढची तारीख कोण बघणार त्याचं नाव, आणि दर सोमवारी ते एकच माणूस उघडतं.

कुटुंब आता भाड्याच्या दोन खोल्यांत राहतं, संडास घरातच. दादा एका होलसेलच्या दुकानात हिशोब बघतो. कलम 5 ची सात वर्षं 2031 मध्ये पूर्ण होतील, अम्मा तेव्हा 85 च्या असतील. गोळी रोज घेतात, वहिनी समोर उभ्या राहून घ्यायला लावतात. मागच्या आठवड्यात गेले होते तर सिंधी घरातल्या रीतीप्रमाणे पाण्यासोबत भाजलेला पापड आला, मी म्हटलं अम्मा तुम्ही पण घ्या, त्यांनी माझ्यासमोर अख्खा ग्लास प्यायला आणि नातीकडून अजून एक मागवला.